खोडरबर आणि पायऱ्या

वाचकहो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायची होती.

फर्स्ट इयरला हॉल इफेक्टचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलंय. मॅग्नेटिक फील्ड वाढवलं की हॉल व्होल्टेज वाढतं, ग्राफ सरळ रेषेत येतो. माझे दोन पॉइंट रेषेबाहेर गेले. मी खोडरबर घेतला, दोन्ही पॉइंट रेषेवर आणून बसवले आणि जर्नलवर सही घेतली. खरं सांगा, तुम्ही नाही केलंत?

आता दुसरी गोष्ट. फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला क्लाउस फॉन क्लिट्झिंग हा जर्मन शास्त्रज्ञ हाच इफेक्ट सिलिकॉनच्या मॉसफेटवर मोजत होता. कडाक्याची थंडी, प्रचंड मॅग्नेटिक फील्ड. त्याच्या ग्राफला पायऱ्या होत्या! प्रत्येक पायरीचा रेझिस्टन्स म्हणजे २५,८१२.८ ओहमला एका पूर्णांकाने भागलेलं. सॅम्पल बदललं तरी आकडा तोच. १९८५ साली त्याला नोबेल मिळालं.

गंमत पुढेच आहे. सॅम्पल अगदी शुद्ध असतं तर या पायऱ्या दिसल्याच नसत्या! हे कसं? धुळ्याहून एस.टी.ने येताना बांभोरीच्या पुलावरून उन्हाळ्यातली गिरणा बघा. खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचलेलं असतं, पण वाहत नाही. थोडं पाणी वाढलं तरी फक्त डोह मोठे होतात. एका ठराविक पातळीला मात्र डोह एकमेकांना मिळतात आणि नदी वाहू लागते. अशुद्धीमुळे सॅम्पलमध्येही असेच खड्डे आणि उंचवटे असतात. बरेच इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवती गोल गोल फिरत अडकतात. नवे आले तरी तेही अडकतात, म्हणून रेझिस्टन्स हलत नाही. तीच पायरी. करंट वाहतो तो काठाकाठाने. पातळी ओलांडली की पुढची पायरी.

अर्थात घाण फार झाली तर पायऱ्याही पुसल्या जातात. उलट जास्त स्वच्छ सॅम्पलमध्ये १९८२ साली अपूर्णांकाच्या पायऱ्या सापडल्या. आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मंदार देशमुख यांच्या गटाने ग्राफीनमधली ही अवस्था जास्त करंटला कशी मोडते ते तपासलं. म्हणजे कुठे मोडतं, हेसुद्धा रीडिंगच असतं!

सॅम्पलमधली अशुद्धी आणि माझ्या हातची चूक एक नव्हे, मान्य. माझे दोन पॉइंट बहुतेक लूज कनेक्शनचेच असतील. पण ते आता कधीच कळणार नाही, कारण मी ते खोडले. फॉन क्लिट्झिंगने पुस्तकातल्या रेषेसाठी पायऱ्या घासून सरळ केल्या असत्या तर? आज जगभर ओहमचं प्रमाण त्याच पायऱ्यांवरून ठरतं.

म्हणून मित्रांनो, रीडिंग पेनाने लिहा. आणि सर-मॅडम, एक विनंती. रेषेबाहेरच्या पॉइंटला लाल शाईने गोल करण्याआधी व्हायव्हात एवढंच विचारा, "हा इथे का आला?" उत्तराला दोन मार्क ठेवा. खोडरबरांचा खप आपोआप कमी होईल.