गोधडीच्या किमतीत शिवणारीची मजुरी कुठे आहे?

इटारसीच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या आमच्या एका साथीच्या घरी गोधड्या शिवल्या जातात. वहिनी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, हात सासूकडून घडलेला. मुलगी कॉलेजात जाते. तिने मोबाइलवर एका ऑनलाइन बाजारात दुकान उघडले आणि पहिली गोधडी विक्रीस मांडायला बसली. फोटो काढला, नाव टाकले, आणि किमतीच्या रकान्यापाशी अडली. कापड-दोऱ्याचे ४५० रुपये गेले होते. त्यावर थोडेफार धरून ७५० लिहू का, असे तिने वडिलांना विचारले. वडिलांनी आम्हाला विचारले. त्याच प्रश्नाचे उत्तर येथे देत आहोत, कारण तो एका घराचा राहिलेला नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिली वस्तू मांडताना किमतीचा रकाना सर्वात शेवटी भरावा, आणि तो भरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन घरातील स्त्रीच्या मजुरीचा हिशेब करावा. ७५० रुपयांची गोष्टच सोडा. समजा, किंमत १४९९ ठेवली. बाजाराचे कमिशन व ठरावीक शुल्क मिळून २१० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३८ रुपये, पाठवणुकीचे करासह २३०. झाले ४७८. कापड, अस्तर, दोरा ४५०, खोके व चिकटपट्टी ३०. हातात उरले ५४१. बाजाराबाजारात हे आकडे बदलतात, पण हिशेबाची रीत हीच. आता वहिनींना विचारा, किती तास लागले? साठ तास म्हणाल्या, तर तासाला नऊ रुपये पडले!

सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतन १८,००० ठरवले, तेव्हा आपली मागणी २६,००० ची होती. ती मागणी आपण १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेच्या निकषांवर उभी केली होती. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, अमुक उष्मांकाचे अन्न, असा एकेक दाणा आपण मोजला. त्या सूत्रात स्त्रीची कमाई धरायची नाही असे म्हटले होते, तिच्या श्रमाला मोलच नाही असे म्हटले नव्हते. प्रशासनासमोर वारावाराचा हिशेब मांडणारा कामगार घरात मात्र ‘ती रिकामीच असते, दुपारी शिवते’ असे म्हणून मोकळा होतो. हे आम्हाला पटत नाही.

बाकीच्या रकान्यांकडे वळू. टपालातील बंधूंना वजनाचे सांगायला नको, पण घरचे लोक येथेच फसतात. गोधडी दोन किलोची असली तरी ती जागा खाते. बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडे त्यावर लावतात. ४० बाय ३५ बाय २० चे खोके म्हणजे ५.६ किलो. तीच गोधडी घट्ट गुंडाळून उंची १२ वर आणली तर ३.३६ किलो. तेव्हा आधी खोके बांधा, मापे घ्या, मगच माहिती भरा. अंदाजाने भरलेले वजन पुढे तपासले जाते आणि फरक विक्रेत्याच्या पैशांतून कापला जातो.

वर्णनात ‘सुंदर’, ‘उत्कृष्ट’ लिहून काही होत नाही. मापे, कापड नवे की जुन्या साड्यांचे, आत किती थर, धुवायची कशी, रंग जातो की नाही, एवढे लिहावे. फोटो दिवसाच्या उजेडात, त्याच गोधडीचा, उलट बाजूचाही. ठिगळांची गोधडी दुसरीसारखी होत नाही, म्हणून शिल्लक नग एकच दाखवावा. दहा लिहून ठेवले आणि मागणी आल्यावर नाही म्हटले, तर दुकानाची पत पहिल्याच महिन्यात जाते. माल परत आला तर जाण्यायेण्याचे भाडे कोणावर पडते, हेही बाजाराच्या अटींत आधीच वाचावे. या अटी एकतर्फी असतात, त्यावर वाटाघाटीला बसायला समोर कोणी नसते.

आता महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. त्यासाठी पॅनच्या आधारे जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परंतु ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. इटारसीहून भोपाळला गोधडी गेली तर चालेल, पुण्याला नाही. आणि गिऱ्हाईक तर पुण्या-नाशकातलेच! ते हवे असेल तर रीतसर नोंदणी घ्यावी लागते, आणि नोंदणी घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरणे आले. पहिले काही महिने आपल्या राज्यातच विकून अंदाज घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

दुकान कोणाच्या नावावर, हा प्रश्न नोकरीशी गाठ घालणारा आहे. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम १९६६ आणि केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४, दोन्हींतील नियम १५ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याला व्यापार करता येत नाही. घरातील कोणी व्यापार करीत असल्यास त्याची माहिती कार्यालयाला द्यावी लागते. ग्रामीण डाक सेवकांची नियमावली वेगळी आहे, त्यांनी ती पाहावी. दुकान, पॅन आणि बँक खाते शिवणाऱ्या बाईच्याच नावावर असावे. त्यात नियमही पाळला जातो आणि पैसेही तिच्याच हाती पडतात. क्वार्टर राहण्यासाठी दिलेले असते, म्हणून तोच पत्ता दुकानासाठी देण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे, आणि माहिती दिल्याच्या पत्राची पोच घेऊन जपून ठेवावी.

इटारसीच्या मुलीने आमच्या सांगण्यावरून पुन्हा हिशेब केला. वहिनींनी तासाला पन्नास रुपये धरायला लावले, तेव्हा किंमत चार हजारांच्या पुढे गेली. एवढ्याला कोण घेणार म्हणून साथी अस्वस्थ झाले. वहिनी म्हणाल्या, मग लहान बाळाच्या दुपट्यापासून सुरुवात करू, ते दहा तासांत होते. दुपटे मांडले आहे. त्याची किंमत आईने सांगितली आणि मुलीने लिहिली.