कुलूपबंद लॅपटॉप आणि घरचे फोटो

गेल्या पेसाहच्या सुमारास अश्दोद येथील एक वयोवृद्ध भगिनी आमच्याकडे एक जुना लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांचे यजमान वारल्यास वर्ष होत आले होते. लॅपटॉप यजमानांचा आणि त्याचा पासवर्डही त्यांच्याबरोबरच गेलेला. आत २०११ साली उभयतांनी केलेल्या कोकणच्या प्रवासाचे फोटो होते. नवगावची दफनभूमी, अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉग (आमची आजी त्यास मशीदच म्हणे), एलियाहू हन्नबीचा खंडाळा (घाटातला नव्हे, अलिबागजवळचा). शिवाय घरच्या जुन्या आल्बमातून उतरवून घेतलेली शंभरेक चित्रे. मूळ आल्बम घर बदलताना ओल लागून गेला. दुकानदाराने त्यांस सांगितले, "फॉर्मॅट करू, नव्यासारखा चालेल." बाई होकार देणारच होत्या.

फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणे, हे त्यांस कोणी सांगितले नाही. दुकानदाराने खोटे सांगितले असे आम्ही म्हणत नाही. त्याने यंत्राचा विचार केला, फोटोंचा केला नाही. परंतु आपल्या समाजातील किती घरांतून अशीच पाटी पुसली गेली असेल, याचा विचार मनात आला म्हणूनच हे लिहावयास घेतले.

आमच्या मते अशा प्रसंगी पहिली चूक होते ती घाईची. प्रथम कागद-पेन्सिल घेऊन शांतपणे बसावे. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र तो नाकारते, याचे एक कारण इस्रायलमध्ये फार आढळते: कळफलक हिब्रूवर असतो आणि आपण इंग्रजी अक्षरे दाबीत असतो. आल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबून भाषा बदलावी आणि मग प्रयत्न करावा. कॅप्स लॉकही पाहावा. बाईंच्या घरच्या मंडळींनी मुलांच्या जन्मतारखा, मूळ गावाचे नाव, इतकेच काय पण लग्नाची हिब्रू तारीखदेखील घालून पाहिली होती. उपयोग झाला नाही.

मग आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्यास बोलाविले. त्याने समजाविले ते असे. विंडोज ७ च्या काळातील बहुतेक घरगुती लॅपटॉपांत पासवर्ड हे केवळ दिंडीदरवाजाचे कुलूप असते. आतील सामान तिजोरीत नसते. फोटो हार्डडिस्कवर जसेच्या तसे पडलेले असतात. त्याने मागचे झाकण उघडून हार्डडिस्क बाहेर काढली, एका स्वस्तशा जोडणीने ती आपल्या संगणकास लावली आणि यजमानांच्या नावाचा कप्पा उघडू लागला. परवानगी नसल्याची सूचना आली, ती त्याने संमती देऊन ओलांडली. मूळ हार्डडिस्कवरील एकाही फोटोस हात न लावता त्याने सर्व दोन ठिकाणी उतरवून घेतले. डिस्क टकटक वाजत असती तर मी तिला हातही लावला नसता, तज्ज्ञाकडेच पाठविली असती, असेही तो म्हणाला.

मात्र प्रत्येक लॅपटॉपाची गोष्ट अशी सोपी नसते. अलीकडच्या यंत्रांत सामानच कूटबद्ध केलेले असते. बिटलॉकर असल्यास पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, नाहीतर कोठे छापून ठेवलेल्या कागदावर सापडू शकते. कोठेच न सापडल्यास कोणताही कारागीर ती डिस्क उघडू शकणार नाही. 'उघडून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्यापासून सावध राहावे.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो यंत्राचा नाही. दिवंगत माणसाच्या लॅपटॉपात फोटोंशिवाय पत्रे असतात, हिशेब असतात. ते सर्व मुलांनी उघडून वाचावे काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. आमच्या विद्यार्थ्याने बाईंस शेजारी बसवून केवळ चित्रांचे कप्पे घेतले, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कसबाहून मोठी वाटली.

वास्तविक, दोष पासवर्डचा नव्हे. आपल्याकडे घरचा सारा कागदपत्रांचा व्यवहार एकच माणूस सांभाळतो आणि तो सांगत नाही; विचारणेही अशुभ वाटते. अलिबाग-पनवेलच्या घरांत किल्ल्यांचा जुडगा सासू सुनेच्या हाती देत असे, तो समारंभच असे. पासवर्डांची वही का देऊ नये? गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून आपल्या पश्चात खाते कोणास पाहता यावे हे आधीच नेमून ठेवण्याची सोय केली आहे. ज्यांना ती जमत नाही त्यांनी एक साधी वही करावी व कपाटात ठेवावी. फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. एक प्रत घराबाहेर, लेकीकडे म्हणा वा भावाकडे.

असो. बाईंचे सहाशेंहून अधिक फोटो मिळाले. पडद्यावर नवगावचा किनारा दिसला तेव्हा त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग एकेका चित्राखाली त्या नावे सांगू लागल्या आणि आम्ही ती लिहून घेतली. यजमान होते तेव्हा ही नावे त्यांनाच ठाऊक होती, म्हणून कोणी लिहिली नव्हती. एका जुन्या, पिवळट चित्रात घाण्याशेजारी पाच माणसे उभी आहेत. त्यांतील दोघांना बाईंनी ओळखले. उरलेल्या तिघांची नावे अजून मिळालेली नाहीत. ते चित्र आमच्याजवळ आहे, आणि ज्या वडीलधाऱ्या वाचकांस ते पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे.