काढा म्हणजे औषध नव्हे?

मेहकरला आमच्या आत्याच्या अंगणात कडुनिंब आहे आणि त्यावर चढलेली गुळवेल. निंबावरची गुळवेल जास्त गुणाची, हे लहानपणापासून ऐकत आलेय. २०२० साली कोरोनात तर ती वेल अर्ध्या गल्लीला पुरली. सरकारी सल्ल्यातही तेव्हा गुळवेल होतीच. कोरोना ओसरला, आत्याचा सकाळचा काढा मात्र राहिला.

आत्याला आमवात आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. ही गोळी लिव्हरला बाधू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मागच्या खेपेला एसजीपीटी बरंच वाढलेलं निघालं.

"दुसरं काही औषध घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्या, काढा?"

"तो काय औषध हाय का बापा? घरची वेल हाय ती!"

आत्या खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे मेडिकलमधून आणलेलं. मी तिला पुन्हा आत नेलं. डॉक्टर गोळीच बंद करायला निघाले होते. त्यांनी आधी काढा थांबवायला सांगितला.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. गोळी तिला आवरते आणि गुळवेल आपण पितो ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून! मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वेल ओळखण्यात चूक झाली असेल. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या बऱ्याच जणांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याच्या खुणा होत्या.

म्हणून गुळवेल विष ठरत नाही. पण जिच्यात गुण आहे, ती काहीतरी करणारच ना? गुण मानायचा आणि अपाय शक्यच नाही म्हणायचं, हे काही पटत नाही. डॉक्टरांनीही "औषध घेता का" एवढ्यावर न थांबता "काय उकळून पिता?" असं विचारावं, आणि ऐकल्यावर रागावू नये. रागावलं की माणसं लपवतात.

आत्याचा आकडा दोन महिन्यांत खाली आला. वेलीमुळेच वाढला होता का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण गोळी चालू राहिली, बोटं वळताहेत. वेल अजून निंबावर आहेच.

असो. तुमच्या घरी कोण काय पितंय, आज विचाराल?