इलेक्ट्रिक गाडीतली शांतता

इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिले चार दिवस जो तो म्हणतो, "काय शांत आहे हो!" मग मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर काटा ८० च्या पुढे जातो आणि टायरची घरघर कानात बसते. हा आवाज नवा नाही मंडळी, आजवर इंजिन त्याला झाकून ठेवत होतं इतकंच!

ॲक्सेसरीवाला सांगतो, दारं, छत, डिकी, सगळीकडे डॅम्पिंग शीट मारून घ्या. मला हे पटत नाही. ब्यूटाइलची शीट पत्र्याची थरथर मारते, आणि त्यासाठी अख्खा पत्रा मढवावा लागत नाही. मधला थोडा भाग पुरतो. टायरचा आवाज अडवायला मात्र चाकांच्या वर आणि गाडीच्या तळाशी जड, सलग थर हवा. बाकी ठिकाणी वाढवलेलं वजन बॅटरीलाच ओढावं लागतं. आणि टायर बदलायला आलेच असतील, तर आधी कमी आवाजाचे टायर बघा.

पूर्ण शांतता कशाला हवी? मागच्या सीटवर बसलेल्या आईला पुढचं बोलणं पहिल्यांदाच ऐकू यावं, गप्पांतून ती बाहेर पडू नये. तेवढ्यासाठी खर्च करायला माझी ना नाही.