थरथरत्या भूमीवरील दोन रात्री



बोत्स्वाना देशातील ओकावांगोच्या पाणथळीत होडीने हिंडून, रात्री बेटांवर तंबू ठोकून आलेल्या तरुण मंडळींची छायाचित्रे अलीकडे घरोघर पाहावयास मिळतात. मोकोरो नावाची अरुंद होडी, मागे उभा राहून लांब काठीने ती रेटणारा नावाडी आणि पुढे स्वस्थ बसलेला पाहुणा! या सुखासाठी आफ्रिकेसच गेले पाहिजे काय, अशी पृच्छा अमेरिकेतील एका वाचक भगिनींनी केली होती. आमचे उत्तर असे की, जॉर्जिया राज्याच्या दक्षिण टोकाला ओकेफेनोकी नावाची दलदल आहे, तेथे जावे. मात्र नावाडी मिळणार नाही. वल्हे आपणच मारावयाचे.

गेल्या वसंतात आम्ही आठ जण चार कॅनू घेऊन तेथे दोन रात्री राहून आलो. शब्बाथ आड येऊ नये म्हणून रविवारी सकाळी निघालो. कोणत्या होडीने पुढे राहावे यावर धक्क्यावरच वाद झाला. तरुणांना अर्थातच शर्यत हवी होती. शाळेच्या सहली नेण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले असल्याने आम्ही सर्वांत मंद चालणाऱ्या वडीलधाऱ्या जोडप्याची होडी पुढे लावली आणि इतरांनी मागून यावे असे ठरविले. येथे हा केवळ शिस्तीचा प्रश्न नव्हे. वाटेत उतरावयास कोरडी जमीन जवळजवळ नाहीच, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे भाग असते.

मुक्काम म्हणजे पाण्यात खांब रोवून उभारलेले लाकडी मचाण. एका रात्री एका मचाणावर एकच मंडळी, असा नियम आहे व त्यासाठी आगाऊ परवाना काढावा लागतो. पिण्याचे पाणी आपले आपण न्यावयाचे, आणि केराचा कपटाही परत आणावयाचा. बहुतेक मचाणांवर शेकोटीस मनाई असल्याने लहान स्टोव्हवर चहा केला आणि घरून नेलेल्या पोळ्या व लसणाची चटणी यांवर निभावले. पोहण्यास बंदी आहे. अवतीभवती सुसरीच्या कुळातील ॲलिगेटर पहुडलेले पाहिल्यावर ती मोडण्याची इच्छाही कोणास होत नाही. रात्री बेडकांचा असा गजर सुरू झाला की झोपेची आशा सोडून आम्ही पहाटेपर्यंत चांदणे पाहत बसलो. डासांविषयी न लिहिलेलेच बरे.

तेथील पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस काळे, परंतु बहुतेक ठिकाणी अगदी उथळ. त्याखाली शतकानुशतके साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर आहे. यालाच पीट म्हणतात. आतील वायूमुळे याचे मोठमोठे तुकडे वर येऊन तरंगू लागतात, त्यांवर गवत व झुडपे उगवतात, आणि पाय आपटला तर जवळची झाडे हलतात. ‘थरथरणारी भूमी’ असा ओकेफेनोकी या नावाचा अर्थ तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेवरून सांगतात.

चार लाख एकरांहून अधिक विस्ताराचे हे पाणी टिकले कसे? पूर्वेस ट्रेल रिज नावाचा वाळूचा लांबच लांब उंचवटा आहे. अलिबागकडील आपल्या शिलोत्र्यांचे बांध खारे पाणी बाहेर थोपवितात. हा निसर्गाचा बांध गोडे पाणी आत धरून ठेवतो. १८९१ साली एका कंपनीने हाच बांध फोडून दलदल कोरडी करावी, लाकूड न्यावे व शेती करावी या हेतूने कालवा खणावयास घेतला. वाळूचे काठ पुनःपुन्हा ढासळले, पैसा संपला आणि काम बंद पडले. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या होड्या आज त्याच फसलेल्या कालव्यातून आत शिरतात. पुढे हेबार्ड कंपनीने १९०९ पासून १९२७ पर्यंत रेल्वे घालून सायप्रसची जुनी झाडे तोडून नेली.

त्यानंतर दलदलीतून जहाजांचा कालवा नेण्याचा बेत निघाला. तेव्हा १९३३ मध्ये जीन हार्पर या बाईंनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. त्यांचे पती निसर्गशास्त्रज्ञ होते, आणि बाईंनी स्वतः पूर्वी रूझवेल्ट यांच्या मुलांची शिकवणी केली होती. बेत मागे पडला व १९३७ साली दलदल राष्ट्रीय अभयारण्य झाली. आमच्या व्यवसायातील एका भगिनीचे हे पत्र आम्ही मचाणावर सर्वांना सांगितले, तेव्हा शर्यतीवाल्या तरुणांनीही कान दिले, हे मुद्दाम नमूद करतो.

परंतु बांधावरचे संकट तेवढ्याने टळले नाही. त्या वाळूत टायटॅनियमचे खनिज आहे. दलदलीच्या अगदी शेजारी खाण काढण्याचा प्रयत्न एका कंपनीने २०१९ पासून चालविला होता. वाळू उकरली तर पाण्याची पातळी खालावेल आणि सुकलेले पीट पेट घेईल, असे विरोधकांचे म्हणणे. २०११ साली लागलेल्या आगीत तीन लाखांहून अधिक एकर होरपळले होते, त्यामुळे ही भीती पोकळ म्हणता येत नाही. अखेर जून २०२५ मध्ये ‘द कॉन्झर्वेशन फंड’ या संस्थेने सुमारे सहा कोटी डॉलर मोजून ती जमीन विकत घेतली. ट्रेल रिज मात्र पुष्कळ लांब आहे, आणि वाचला तो तिचा एवढाच तुकडा.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी डासांचा व उकाड्याचा उन्हाळा टाळावा, परवान्याची चौकशी फार आधी करावी, आणि निघताना दुबळ्यातील दुबळ्या होडीला पुढे ठेवावे.