सुनेची फी ऊसबिलातून का नको?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या पानावर माझ्याकडून आपण लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट अशा गोष्टींची अपेक्षा करता. ते पुढील अंकी येईलच. आज जरा वेगळा विषय घेतो आहे; पण तो शेतकी खात्याच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातील काही अंगणवाडी सेविका आणि सभासदांच्या घरातील काही लेकी-सुना कामधंदा सांभाळून बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करीत आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची या विषयाची पदविका आहे. बारावी झालेल्या व्यक्तीला ती घरी राहून करता येते. कमीत कमी एक वर्ष, न जमल्यास मुदत वाढवून मिळते. पुस्तके वाचायची, स्वाध्याय लिहून द्यायचे, मुलांत प्रत्यक्ष काम करून नोंदी ठेवायच्या आणि परीक्षा द्यायची. हा काही रिकामपणाचा उद्योग नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटले आहे की बारावी झालेल्या सेविकांना ६ महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना १ वर्षाची पदविका असे शिक्षण द्यावे, तेही चालू काम न थांबवता.

पण गावोगाव फिरताना ऐकू येते ते निराळेच. एक वयस्कर सभासद गट ऑफिससमोर मला म्हणाले, "साहेब, बारकी लेकरं सांभाळायची, त्याला बी डिप्लोमा? आमच्या मायनं आठ लेकरं वाढविली, तिनं कोणती परीक्षा दिल्ती?"

मी म्हटले, "नाना, तुमच्या वडिलांनीही ऊस लावलाच होता की. मग तुम्ही कारखान्याच्या गाडीतून मांजरीला प्रशिक्षणाला कशाला गेलात?" नाना हसले, पण पटले असे काही दिसले नाही. म्हणून हे लिहिणे.

उसाची लागण केल्यावर महिना-दीड महिन्यात नांग्या भरायच्या असतात हे आपण जाणता. मोठी बांधणी झाल्यावर नांगी भरली तर ते रोप शेजारच्या उसाच्या सावलीत कुजत बसते. खत-पाणी सारखेच मिळाले तरी मागचे अंतर भरून निघत नाही. मुलाचेही बरेचसे असेच आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असे त्याच धोरणात नमूद आहे. आता मूल म्हणजे काही उसाचे टिपरू नव्हे, तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. पण पहिलीच्या वर्गात मागे पडलेले पोर सातवीपर्यंत मागेच राहते, हे आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

अन् ज्या बायका हे शिकत आहेत त्या कोण, तेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून ती उजवून टाकायची, ही आपली रीत. अशा पोरीला वसतिगृहात राहून, डबा खाऊन शिकायचे दिवस मिळतच नाहीत. माझी कृषी पदविका तशी झाली; दोन वर्षे शिकण्यावाचून मला दुसरे काम नव्हते. तिच्या वाट्याला शिकणे येते ते लग्नानंतर, चूल, जनावरे आणि लेकरे यांच्या मधल्या वेळात. तेव्हा अर्धवेळ शिक्षण म्हणजे कमअस्सल शिक्षण असे आपण म्हणत असू तर आपल्या जिल्ह्यातील निम्म्या बायकांना शिक्षणच नाकारतो, असा त्याचा अर्थ होतो.

बालशिक्षणाचे महाराष्ट्रातील मोठे काम अशाच एका बाईने केले. अनुताई वाघ यांचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. त्या शिक्षिका झाल्या. पुण्यास हुजूरपागेत नोकरी करीत रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांच्या कामात गेल्या, आणि बी. ए. झाल्या तेव्हा १९६१ साल होते, वय ५१! कोसबादच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत काम चालू ठेवून. या दोघींनी महागडी साधने बाजूला सारून खडे, बिया, शिंपले, पाने घेऊन मुलांना शिकविले. मूल बालवाडीत येईना तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्द आपल्याला त्यांच्याच कामातून मिळाला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची; त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

याचा कारखान्याशी संबंध काय? दिवाळीच्या आगेमागे आपल्या तळावर पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या उतरतात. कोप्या पडतात. मोठी पोरे मागे ठेवता येतात. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही सुरू झाली. मागे साखरशाळांचे प्रयोग झाले, तेही मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. पण तीन-चार वर्षांचे लेकरू वसतिगृहात राहत नाही, ते आईच्या कडेवर फडात येते. पहाटे तीन-चारला आई तोडीला निघते तेव्हा ते पाचटावर झोपलेले असते. कारखाना कायदा १९४८ चा. त्यात ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची तरतूद होती. पण तोडणीच्या बाया आपल्या हजेरीपटावर नसतात, व्यवहार मुकादमाशी असतो. कायद्याने आपण सुटतो. साखर मात्र त्यांच्याच कोयत्याची.

तळाजवळच्या एका गावातील सेविका हा अभ्यासक्रम करते आहे. प्रात्यक्षिकासाठी तिने दुपारी तळावरची लेकरे जमवायला सुरुवात केली. त्यांत काही तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. तिने अआइई गिरवायला लावले नाही. वाढ्याच्या पेंढ्या मोजायला लावल्या, बैलाला तुमच्याकडे काय म्हणता, चाकाला काय म्हणता, असे विचारीत बसली. मुलाच्या बोलीतून सुरू करायचे आणि हळूहळू शाळेच्या भाषेकडे आणायचे, हे ती पुस्तकात शिकली होती. माझ्या समोर एक पोरगी, जी आठ दिवस तोंड उघडत नव्हती, तिने बैलांच्या गळ्यातील घाट्यांचे आवाज करून दाखविले. नुसत्या मायेने हे होत नाही. त्याला अभ्यास लागतो.

आता या बाईची अडचण ऐका. घरात मोबाईल एकच, तो मुलाकडे. अभ्यासाला बसावे तर रात्री मोटारीची लाईट येते, मालक पाण्यावर जातो, त्याचे जेवणखाण. महिन्यातून एखादा वर्ग तालुक्याला असतो आणि नेमकी त्याच दिवशी घरच्या उसाला तोड येते. टोळीच्या चहापाण्याला माणूस नाही म्हणून वर्ग बुडतो. फीसाठी तिने बचत गटातून कर्ज काढले. घरी ऊसबिल आले होते, पण सुनेच्या परीक्षेला त्यातून पैसे मागायची तिला सोय वाटली नाही.

माझे म्हणणे साधे आहे. आपण सभासदाला बेणे, खते उधारीवर देतो आणि ऊसबिलातून कापतो. त्याच खात्यावर घरातील सुनेची किंवा लेकीची या अभ्यासक्रमाची फी उधार का देऊ नये? आणि जी बाई अभ्यासक्रम पुरा करून एक हंगाम तळावर बालवाडी चालवील तिची उधारी कारखान्याने माफ करावी. रक्कम किती होईल? एका ट्रॅक्टरच्या दुरुस्तीइतकी, त्याहून फार नाही. तळावर एक पत्र्याची शेड आणि पिण्याच्या पाण्याची टाकी मिळाली तरी सुरुवात होते. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखाने टनामागे १० रुपये देतातच; त्यातून तळावरच्या बालवाडीला काही मिळते का, याचीही चौकशी व्हावी. तोड नेमण्याचे काम आमच्या खात्याकडे आहे. वर्गाची तारीख आधी कळविली तर त्या दिवशी त्या घरची तोड एक दिवस मागेपुढे करणे अवघड नाही. आजवर आम्ही लग्नकार्यासाठी ते केलेलेच आहे.

संचालक मंडळापुढे मी तसे टिपण ठेवले आहे. निर्णय त्यांचा. दरम्यान, ज्या घरात कोणी हा अभ्यासक्रम करीत असेल त्यांनी उसाच्या नोंदीच्या वेळी गट ऑफिसमध्ये चिटबॉयकडे नाव आणि वर्गाच्या तारखा लिहून द्याव्यात. नाव सुनेचे स्वतःचे लिहावे, अमक्याची सौभाग्यवती असे नको. परीक्षेच्या अर्जावर तेच असते.