न झाडलेली गोळी आणि जपलेला खोका

परदेशी लिलावगृहांच्या सूचीपत्रांत जुन्या रिव्हॉल्व्हरच्या छायाचित्राखाली दोन विशेषणे बहुधा जोडीनेच येतात : ‘मूळ खोक्यासह’ आणि ‘एकही गोळी न झाडलेले’. संग्राहकांच्या लेखी ही दोन्ही एकाच गुणाची दोन नावे आहेत. मला मात्र त्यांची फारकत करावीशी वाटते. पहिले विशेषण इतिहासाच्या कामाचे आहे. दुसरे बहुतांशी बाजाराच्या.

आधी दुसऱ्याविषयी. ‘न झाडलेले’ हा शब्दच मुळात सैल आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक नळीची सक्तीची चाचणी होत असे. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जड बार भरून तो उडवला जाई आणि शस्त्र टिकले तरच त्यावर ठसा उमटे. १८६८ च्या गन बॅरल प्रूफ ॲक्टनेही हीच शिस्त कायम ठेवली. म्हणजे बर्मिंगहॅमच्या वेब्लीवर तो ठसा असेल, तर तिच्यातून बार निश्चितच उडाला आहे. अमेरिकेत असा सरकारी कायदा नव्हता, पण कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन यांच्या कारखान्यांतही विक्रीपूर्वी चाचणी होतच असे. तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ ‘कारखान्यातून निघाल्यावर न झाडलेले’ एवढाच उरतो.

आणि तेही सिद्ध कसे करायचे? जाणकार सिलिंडरभोवतीची बारीक रेघ पाहतात. घोडा ओढला की सिलिंडर फिरते, त्याला जागी अडवणारा खटका पृष्ठभागावर घासतो आणि निळसर मुलाम्यावर कडे उमटते. परंतु रिकामे रिव्हॉल्व्हर चारचौघांना हौसेने फिरवून दाखवले तरी तेच कडे उमटते. उलट चार गोळ्या झाडून काळजीपूर्वक साफ केलेले शस्त्र अगदी निष्पाप दिसू शकते. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मिळवणे किती अवघड, हे आपल्याला पहिल्याच सत्रात शिकवतात. येथे त्या अभावाचीच किंमत मोजली जाते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. कोरे शस्त्र तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराला फार उपयोगी पडते. मुलाम्याची मूळ छटा, कानशीची दिशा, कडांची धार हे सारे वापराने पुसले जाते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या प्रतवारीत पुरातन शस्त्रांची ‘फॅक्टरी न्यू’ ही श्रेणी शंभर टक्के मूळ मुलामा मागते; ‘एक्सलंट’साठी ऐंशी टक्क्यांहून अधिक पुरतो. मधल्या वीस टक्क्यांत कारागिराच्या हाताविषयीची बरीच माहिती हरवलेली असते.

आता खोका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोल्टची पेटी लाकडी असे. आत मखमलीचे अस्तर आणि बारूदपात्र, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, पाना यांसाठी स्वतंत्र खण. पुढे धातूची काडतुसे आली, साचा आणि बारूदपात्र अनावश्यक झाले, आणि पेटीची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली. शस्त्र कोणासाठी बनत होते आणि ग्राहकाकडून किती कौशल्याची अपेक्षा होती, हे या एका बदलातून कळते. खोक्याच्या चिठ्ठीवर नळीची लांबी, मुलामा, काडतुसाचे माप, कधी अनुक्रमांकही आढळतो. हा दस्तऐवजच आहे. म्हणूनच तो बनावटही होतो : रिकामे जुने खोके वेगळे विकले जातात आणि त्यांत दुसरेच रिव्हॉल्व्हर ठेवून जोडी जमवली जाते.

खोके दुर्मीळ का? कारण ते लोकांनी फेकले. याचा उलटा प्रयोगही इतिहासाने करून ठेवला आहे. १९६१ पासून कोल्टने स्मारक आवृत्त्या काढल्या. त्या शोभेच्या पेटीत येत, जपण्यासाठीच. घेणाऱ्यांनी त्या इमानेइतबारे जपल्या, गोळी झाडली नाही, पेटी फेकली नाही. परिणामी त्या सगळ्यांकडेच कोऱ्या आहेत आणि त्यांना फारसे कोणी विचारत नाही. (आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांनी यावर जरूर विचार करावा.)

१८४७ चे कोल्ट वॉकर घ्या. टेक्सास रेंजर सॅम्युअल वॉकर यांच्या सूचनांवरून घडलेले, दोन किलोंहून जड. मेक्सिकोच्या युद्धासाठी सैन्याने हजार घेतली, शंभरेक खासगी विक्रीला गेली. सैन्याची बहुतेक गंजली, फुटली, हरवली. खासगी शंभरांतले एक डॅनिश जहाजाच्या कप्तानाने नेले आणि ते मूळ पेटीसह टिकले. २०१८ मध्ये ते १८ लाख ४० हजार डॉलरला विकले गेले. ते मौल्यवान आहे, यात वाद नाही. पण वॉकरचा इतिहास सांगायचा तर मला मेक्सिकोच्या मोहिमेतले एखादे खरवडलेले, मूठ तडकलेले वॉकर अधिक बोलके वाटते. पेशवाई संपल्यावरही हातोहाती फिरून गुळगुळीत झालेली शिवराई जे सांगते, ते कोरे नाणे सांगू शकत नाही.

कोरेपणाच्या या ओढीत मला आणखी एक गोष्ट खटकते. शस्त्राला ‘निष्कलंक’ म्हणताना ते कशासाठी बनले होते, हे सोयीस्करपणे नजरेआड होते. वापरलेले रिव्हॉल्व्हर निदान ती सोय देत नाही.

२०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या लिलावात एका कोल्ट सिंगल ॲक्शनला ६० लाखांहून अधिक डॉलर मिळाले. १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेटने ज्याने बिली द किडला मारले, तेच हे. गॅरेटलाही ते कोरे मिळाले नव्हते; बिलीच्या टोळीतील एकाकडून त्याने ते जप्त केले होते. नंतर ते एल पासोच्या एका मद्यगृहात राहिले आणि परत मिळवण्यासाठी गॅरेटच्या विधवेला १९३० च्या दशकात न्यायालयात लढावे लागले. त्याची ओळख पटवण्यात खोक्याच्या चिठ्ठीला काहीच काम नव्हते. ते काम गॅरेटच्या सहीच्या पत्राने आणि त्या खटल्याच्या कागदांनी केले.